प्रमेहाचे पूर्वरूप आणि विहाराची मात्रा

प्रस्तावना

मधुमेहाची चिकित्सा हा आपल्या व्यवसायातील नित्याचा विषय आहे. मधुमेह होण्याच्या आधीच्या अवस्थेकडे मात्र आपले तितकेसे लक्ष जात नाही. रुग्ण रक्ततपासणीचा कागद पुढे ठेवतो व ‘साखर बॉर्डरला आहे’ असे सांगतो. आपण कागद पाहतो, एखादे चूर्ण लिहून देतो आणि ‘गोड कमी करा, थोडे चालत जा’ असे सांगून त्यास निरोप देतो. ही चिकित्सा झाली असे रुग्णास वाटते आणि बहुधा आपणासही वाटते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी व्यक्तींना मधुमेह असून सुमारे १३.६ कोटी व्यक्ती मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, आपल्या शेजारच्या गोव्यात आढळले. व्याधी झालेल्यांपेक्षा व्याधीच्या उंबरठ्यावर उभे असलेले अधिक आहेत, हे या आकड्यांतून स्पष्ट होते. ही सर्व मंडळी उद्या मधुमेही होतीलच असे नाही. त्यांपैकी किती होतील हे बऱ्याच अंशी त्यांच्या दिनचर्येवर व ती दिनचर्या घडविणाऱ्या वैद्यावर अवलंबून आहे. प्रस्तुत लेखात या अवस्थेचे स्वरूप, तिची परीक्षा आणि मुख्यतः आहारविहाराची योजना यांचा विचार केला आहे.

मधुमेहपूर्व अवस्था : आधुनिक निकष

या अवस्थेचे निदान पुढीलपैकी कोणत्याही एका तपासणीने करता येते.

१) उपाशीपोटी (किमान ८ तास) रक्तशर्करा १०० ते १२५ मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर. अमेरिकन मधुमेह संघटनेने २००३ मध्ये खालची मर्यादा ११० वरून १०० वर आणली. जागतिक आरोग्य संघटना मात्र ११० हीच मर्यादा मानते.

२) ७५ ग्रॅम ग्लुकोज दिल्यानंतर २ तासांनी रक्तशर्करा १४० ते १९९.

३) एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के.

उपाशीपोटी १२६ वा अधिक, ग्लुकोजनंतर २ तासांनी २०० वा अधिक किंवा एचबीए१सी ६.५ वा अधिक आल्यास तो मधुमेह होय. लक्षणे नसतील तर निदान निश्चित करण्यापूर्वी तपासणी पुन्हा करून घ्यावी.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही की, केवळ उपाशीपोटीची साखर पाहून समाधान मानू नये. अनेक रुग्णांत ती प्राकृत असते आणि ग्लुकोज दिल्यानंतरची वाढलेली असते. दुसरी ही की, लोहाच्या कमतरतेने पांडुता असल्यास एचबीए१सी खोटेच वाढलेले दिसू शकते, तर रक्तकण लवकर नष्ट होणाऱ्या व्याधींत ते खोटेच कमी दिसते. आपल्याकडील स्त्रियांत पांडुतेचे प्रमाण मोठे असल्याने या एकाच आकड्यावर विसंबणे योग्य नव्हे.

या अवस्थेत शरीरात काय घडते? यकृत व मांसपेशी यांत मेद साचू लागला की इन्शुलिनला त्यांच्याकडून मिळणारा प्रतिसाद मंदावतो. स्वादुपिंड अधिक इन्शुलिन निर्माण करून ही उणीव काही वर्षे भरून काढते. या काळात साखर प्राकृत राहते, पण स्वादुपिंडावरील भार वाढत जातो. पुढे ते थकू लागते आणि साखर हळूहळू वर सरकते. मधुमेहपूर्व अवस्था म्हणजे या थकव्याचा प्रारंभ होय. तो प्रारंभ असल्यामुळेच येथे परत फिरण्यास वाव असतो.

आयुर्वेदीय विचार

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात सांगितलेल्या सहा क्रियाकालांपैकी स्थानसंश्रय हा चौथा. याच काळात पूर्वरूपे प्रकट होतात. दोष व दूष्य यांचा संयोग झालेला असतो, पण व्याधी व्यक्त झालेला नसतो. चरकाचार्यांनी प्रमेहनिदानात कफाचे बहुद्रवत्व आणि मेदाचे बहुत्व व अबद्धत्व यांवर भर दिला आहे. मेद, मांस व क्लेद यांची ही विकृती व वर सांगितलेला यकृत-मांसपेशींतील मेदसंचय यांत विचारांचे साम्य आहे. मात्र दोन्ही एकच आहेत असा दावा करण्याचे कारण नाही.

पूर्वरूपांत तोंडास गोडी येणे, हातापायांच्या तळव्यांचा दाह व बधिरता, तहान, आळस, तंद्रा, केसांची जटा होणे, दात-जीभ-टाळू यांवर मळ साचणे, अंगास दुर्गंधी येणे, शरीरावर वा मूत्रावर मुंग्या जमणे इत्यादींचा उल्लेख येतो. सुश्रुताचार्यांनी या पूर्वरूपांना केवढे महत्त्व दिले आहे ते पाहण्यासारखे आहे. सर्व वा निम्मी पूर्वरूपे असून मूत्रप्रवृत्ती अधिक असेल तर त्यास प्रमेहीच समजावे, असे ते सांगतात. उलटपक्षी, पूर्वरूपे नसताना केवळ मूत्राचा वर्ण हळदीसारखा वा लाल असेल तर तो प्रमेह न मानता रक्तपित्त मानावे, असा चरकाचार्यांचा अभिप्राय आहे.

याहून महत्त्वाचा भाग सुश्रुताच्या चिकित्सास्थानातील १२ व्या अध्यायात आहे. तेथे अवस्थेनुसार क्रम दिला आहे. पूर्वरूपावस्थेत अपतर्पण, वनस्पतींचे कषाय व बस्तमूत्र सांगितले असून व्याधी व्यक्त झाल्यावर संशोधन सांगितले आहे. पूर्वरूपावस्थेत उपाय न करता मधुर आहार चालूच ठेवणाऱ्याचे मूत्र, स्वेद व कफ मधुर होतात आणि प्रमेह व्यक्त होतो, हेही तेथे स्पष्ट केले आहे. बस्तमूत्र आज व्यवहारात राहिलेले नाही, परंतु अपतर्पणाला दिलेले पहिले स्थान आजही तितकेच सार्थ आहे.

तथापि एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रयोगशाळेने दाखविलेली मधुमेहपूर्व अवस्था आणि ग्रंथोक्त पूर्वरूपे यांची सांगड प्रत्येक रुग्णात बसत नाही. बहुसंख्य रुग्णांना कोणतीही तक्रार नसते. म्हणून पूर्वरूपांची वाट पाहत बसू नये. निदानसेवन दिसले की तपासणी करावी. आईवडील वा भावंडांना मधुमेह, पोटाचा घेर पुरुषांत ९० सें.मी. व स्त्रियांत ८० सें.मी.पेक्षा अधिक, गरोदरपणी साखर वाढल्याचा इतिहास, बैठे काम, उच्च रक्तदाब, मानेवर वा काखेत काळसर जाड झालेली त्वचा, यांपैकी काहीही आढळल्यास रुग्ण सर्दीसाठी आला असला तरी साखर तपासून घ्यावी.

एक चूक आणि तिची शिकवण

सुमारे १५ वर्षांपूर्वी एक किराणा दुकानदार माझ्याकडे आले. वय ४६, वजन ७८ किलो, पोटाचा घेर ९८ सें.मी. उपाशीपोटी साखर ११४, ग्लुकोजनंतर १६८. मी तिक्त-कषाय द्रव्यांचे चूर्ण दिले आणि ‘गोड बंद करा, थोडे चाला’ असे सांगितले. दोन महिने ते आले, पुढे येईनासे झाले. तीन वर्षांनी पुन्हा आले तेव्हा तळपायांची आग होत होती आणि उपाशीपोटी साखर १९० होती.

मी जरा नाराजीनेच पथ्याविषयी विचारले. त्यांचे उत्तर असे होते : “डॉक्टर, तुम्ही सांगितल्यापासून पेढा की जिलबी तोंडात घातली नाही. चालतोही, दुकानात दिवसभर इकडून तिकडे चालूच असते.” चौकशी केल्यावर कळले की दुकानात येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याबरोबर चहा होत असे. दिवसाचे सहा कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. चमचाभर साखर सुमारे ५ ग्रॅम धरली तरी दिवसाला ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचविलेली इष्ट मर्यादा सुमारे २५ ग्रॅम आहे. रात्री दुकान बंद करून जेवण साडेदहाला आणि लगेच झोप. त्यांच्या दृष्टीने चहा म्हणजे ‘गोड’ नव्हे, आणि मीही विचारले नव्हते.

रुग्णाने पथ्य मोडले नव्हते. मी ते दिलेच नव्हते. चूर्णाची मात्रा, काळ, अनुपान सारे मी लिहून दिले होते. विहाराच्या बाबतीत मात्र ‘थोडे’ या एका शब्दावर भागविले होते. ‘थोडे चाला’ हे मात्रा नसलेले औषध होय, आणि मात्रा नसलेल्या औषधाने गुण न आल्यास दोष रुग्णाकडे जात नाही.

विहाराची मात्रा

याविषयी आधुनिक संशोधनाची साक्ष भक्कम आहे. अमेरिकेत ३२३४ व्यक्तींवर झालेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजन ७ टक्के कमी करणे व आठवड्यास १५० मिनिटे व्यायाम ही उद्दिष्टे ठेवली होती. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, तर मेटफॉर्मिन घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केवळ सल्ला मिळालेल्या गटातील ५५ टक्के व्यक्तींना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहारविहारात बदल केलेल्या गटात ही जोखीम २८.५ टक्क्यांनी कमी झाली, तीही वजनात लक्षणीय घट नसताना. दोन्ही अभ्यासांत उपाय मोजून दिला होता व त्याचा पाठपुरावा केला होता, ही बाब आपण उचलण्यासारखी आहे.

अ) चंक्रमण व व्यायाम : खाण्याची हाव आणि स्नान व चालणे यांचा कंटाळा असणाऱ्यास प्रमेह लवकर गाठतो, असे चरकाचार्यांनी सांगितले आहे. सुश्रुताचार्यांनी तर निर्धन प्रमेह्यास अनवाणी, छत्रीविना शंभर योजने चालण्यास अथवा विहीर खणण्यास सांगितले आहे. आजच्या रुग्णास ३० मिनिटे भरभर चालणे, आठवड्यातून ५ दिवस, अशी मात्रा द्यावी. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग असावा. कपाळ, नाक व सांधे यांवर घाम येणे ही अर्धशक्तीची ग्रंथोक्त खूणही रुग्णास सहज समजते. याखेरीज आठवड्यातून दोन दिवस बैठका, सूर्यनमस्कार किंवा वजन उचलण्याचे व्यायाम द्यावेत, कारण रक्तातील साखर मोठ्या प्रमाणात मांसपेशीच वापरतात. छातीत दुखणे, दम लागणे, गुडघ्यांचे विकार वा तळपायास जखम असल्यास आधी त्यांची परीक्षा करावी.

आपल्या घराघरांत शतपावलीची चाल होती. जेवणानंतर चालल्याने त्या वेळची साखरेची चढण कमी होते, हे आता मोजूनही दिसले आहे. दुपारी व रात्री जेवणानंतर १० ते १५ मिनिटे सावकाश फेरी, ही मात्रा वृद्धांनाही पेलते. बैठ्या कामात दर अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटे उठून फिरावे. दुकानातील इकडून तिकडे जाणे याऐवजी चालत नाही, हे रुग्णास स्पष्ट सांगावे.

आ) आहार : ‘गोड बंद’ असे न सांगता चहाचे कप, त्यातील साखर, बिस्किटे, शीतपेये व फळांचे रस यांची यादी रुग्णाकडूनच करून घ्यावी. गूळ ‘नैसर्गिक’ म्हणून मोकळा सोडू नये. साखरेची चढण त्यानेही होते. ताटाचा अर्धा भाग पालेभाजी, फळभाजी व कोशिंबीर, पाव भाग वरण-उसळ आणि पाव भाग भाकरी वा भात, ही मांडणी दाखवून द्यावी. आधी कोशिंबीर व उसळ खाऊन मग भाकरी-भाताकडे वळावे.

चरकाचार्यांनी प्रमेहात यवाला प्रधान आहार मानले आहे. जवातील चिकट तंतू आतड्यातून साखरेचे शोषण मंद करतात. ज्वारीच्या पिठात चौथा हिस्सा जवाचे पीठ मिसळून केलेली भाकरी घरात सहज स्वीकारली जाते. मात्र बाजारातील सातूच्या पिठात अनेकदा गहू व डाळेही असते आणि ते गूळ-दूध घालून खाल्ले जाते. म्हणून ‘जव’ असेच लिहून द्यावे. कोकणातील रुग्णास भात सोडण्यास सांगणे व्यवहार्य नाही. त्याच्या नेहमीच्या वाटीने मोजून निम्मा करावा आणि त्या जागी मूग, मटकी वा कुळीथ द्यावा.

उपवासाचा प्रश्न विशेष आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, शेंगदाण्याचे लाडू यांनी साजरा झालेला उपवास हे नावापुरते लंघन व प्रत्यक्षात संतर्पण होय. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. श्रद्धेला धक्का न लावता ताक, काकडी, राजगिऱ्याची भाकरी, भोपळ्याची भाजी असे पर्याय सुचवावेत.

इ) काळ व निद्रा : रात्रीचे जेवण झोपेच्या किमान दोन-तीन तास आधी व्हावे. दुकानदार, रिक्षाचालक यांना हे अशक्य वाटते. त्यांनी सायंकाळी डबा खाऊन घ्यावा व घरी गेल्यावर केवळ ताक वा सूप घ्यावे. दुपारची वामकुक्षी १५-२० मिनिटांची असावी. कफमेदप्रधान व्यक्तीने दुपारी दोन तास झोपणे हे निदानसेवनच होय. रात्री ७ तासांच्या आसपास झोप मिळावी. अपुऱ्या झोपेने इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद बिघडतो व भूकही वाढते.

कृश रुग्णाची चिकित्सा

येथवरचे विवेचन प्रामुख्याने स्थूल रुग्णास लागू पडते. प्रमेही स्थूल व कृश असा द्विविध असून स्थूलास संशोधन व कृशास बृंहण, हा भेद ग्रंथांनी स्पष्ट केला आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये एक बोलके उदाहरण मांडले. त्यांचा स्वतःचा व एका ब्रिटिश सहकाऱ्याचा देहभारांक सारखाच, २२.३ होता; पण सहकाऱ्याच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाला. दिसण्यात बारीक, परंतु मांस कमी व मेद अधिक, अशी आपल्यापैकी अनेकांची शरीररचना असते.

वर उल्लेखिलेल्या दुकानदारांची धाकटी बहीण पुढे माझ्याकडे आली. वय ४१, वजन ५२ किलो, पोटाचा घेर ८४ सें.मी. दुसऱ्या बाळंतपणात साखर वाढली होती. उपाशीपोटी १०८, ग्लुकोजनंतर १७२. तिला उपाशी ठेवले असते तर मांसक्षय होऊन हानीच झाली असती. दोन्ही जेवणांत मूग वा उसळ, ताक, भाताची वाटी निम्मी, जेवणानंतर १५ मिनिटे शतपावली व एक दिवसाआड बैठका, असे मोजून लिहून दिले. दर महिन्यास घेर मोजला. वर्षाने उपाशीपोटी ९४, ग्लुकोजनंतर १३१, वजन ५१ किलो, घेर ७९ सें.मी. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडता येत नाही. पण वजनकाटा स्थिर असतानाही सुधारणा होऊ शकते, हे यावरून रुग्णांना समजावता येते.

औषधांचे स्थान

निशामलकी, त्रिफळा, मुस्ता, गुडूची इत्यादी द्रव्यांची योजना प्रकृती व अग्नी पाहून अवश्य करावी. पण ती आहारविहाराची जोड म्हणून, त्यांच्याऐवजी नव्हे. चूर्ण चालू आहे म्हणून जिलबी चालेल, ही समजूत चूर्ण देतानाच काढून टाकावी. रुग्ण आधीच मधुमेहाच्या गोळ्या घेत असल्यास साखर अकस्मात उतरण्याचा धोका लक्षात ठेवावा आणि त्या गोळ्या आपण होऊन बंद करू नयेत.

औषधालय चालकांसाठी

१) ‘शुगरसाठी काहीतरी द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकास प्रथम तपासणीचा अहवाल विचारावा. अहवाल नसल्यास तपासणी करून वैद्यांकडे जाण्यास सांगावे.

२) आसव-अरिष्ट, अवलेह व पाक यांत साखर वा गूळ असतो. च्यवनप्राश मागणाऱ्या ग्राहकास साखर वाढलेली आहे का, एवढे विचारावे.

३) दोन-चार दिवसांत साखर झपाट्याने उतरविणाऱ्या निनावी चूर्णात रासायनिक औषधाची भेसळ असण्याचा संशय घ्यावा. असा माल ठेवू नये.

४) १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात मधुमेहाचा समावेश आहे. ‘मधुमेह मुळापासून बरा’ असा फलक दुकानात लावणे हा अपराध ठरतो.

पाठपुरावा व केव्हा पाठवावे

दर महिन्यास वजन व घेर, तीन महिन्यांनी रक्ततपासणी आणि प्राकृत झाल्यावरही वर्षातून एकदा तपासणी, असा क्रम ठेवावा. स्थूल रुग्णात सहा महिन्यांत वजनाचा ५ ते ७ टक्के भाग कमी करणे पुरेसे आहे; ७८ किलोच्या रुग्णास म्हणजे ४ ते साडेपाच किलो. अकारण वजन झपाट्याने उतरणे, अतितृष्णा, वारंवार मूत्रप्रवृत्ती, गर्भावस्था, किंवा साखर मधुमेहाच्या मर्यादेत जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास मधुमेहतज्ज्ञांचे साहाय्य घेण्यास विलंब लावू नये.

उपसंहार

वेळीच प्रतिकार न केल्यास सर्व प्रमेह कालांतराने मधुमेहात परिणत होतात आणि असाध्य होतात, असे शास्त्र सांगते. स्थानसंश्रयाच्या काळात रुग्ण आपल्यासमोर बसलेला असतो, त्यास वेदना नसतात, घाईही नसते. तेव्हा आपल्या चिठ्ठीवर चूर्णाच्या खाली आणखी चार ओळी असाव्यात : किती चालावे, केव्हा जेवावे, ताटात काय व किती असावे आणि पुन्हा केव्हा यावे. त्या चार ओळी लिहिण्यास दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे मी त्या दुकानदारांना दिली नव्हती. वैद्यबंधु-भगिनींनी ती आपापल्या रुग्णांना अवश्य द्यावीत, एवढीच विनंती.